लिहिलेलं आपलं राहावं म्हणून

२००४ साली माझा पहिला बालकथासंग्रह निघायचा होता. प्रकाशकांच्या कचेरीत चहा झाला, मुखपृष्ठ दाखवून झालं आणि मग लेटरहेडवर टाइप केलेला एक कागद माझ्यापुढे सरकवला गेला. त्यावर एकूण चार ओळी होत्या. तिसरी ओळ होती, ‘सदर पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकांकडे राहतील.’ खाली महसुली तिकीट चिकटवलेलं, त्यावर आडवी सही करायची. माझं सगळं लक्ष मुखपृष्ठावरच्या झाडाला लोंबकळणाऱ्या माकडाकडे होतं. मी सही केली.

२०१२ मध्ये त्यातल्या दोन गोष्टी श्राव्य रूपात आणायला काही मंडळी तयार झाली. पुस्तक तोवर कुठल्याच दुकानात मिळत नव्हतं, दुसरी आवृत्ती निघालीच नव्हती. तरी प्रकाशकांनी कळवलं, हक्क आमचे आहेत, परवानगी देता येणार नाही. स्वतःच्या गोष्टी स्वतःच्या आवाजात वाचायला मी परवानगी मागत होते, आणि ती मिळत नव्हती.

त्या कागदाचं पुढे काय झालं ते ओघात सांगेन. तेव्हापासून मी कॉपीराइटचा, म्हणजे आपल्या लेखनावरच्या हक्काचा, कायदा वाचत आले, नव्या लेखकांचे करार वाचून देत आले. माझ्या पाहण्यात मराठी लेखकांचे हक्क चोरीने जितके गेले, त्याहून जास्त न वाचता केलेल्या सहीने गेले. म्हणून हा लेख चोर पकडण्यापेक्षा कागदाशी जास्त वेळ थांबणार आहे.

आधी एवढं समजून घ्या

भारतात हा सगळा कारभार १९५७ च्या कॉपीराइट कायद्यावर चालतो. मराठीत याला प्रताधिकार किंवा स्वामित्वहक्क म्हणतात. साहित्य, नाटक, संगीतरचना, चित्र, शिल्प, छायाचित्र, चित्रपट आणि ध्वनिमुद्रण या सगळ्यांना त्याचं संरक्षण आहे. संगणकाचा प्रोग्रॅमही कायद्याच्या लेखी साहित्यातच मोडतो.

हक्क मिळवण्यासाठी काहीही करावं लागत नाही, हे अनेकांना खरंच वाटत नाही. तुम्ही वहीत पेन्सिलीने कविता लिहिलीत की त्या क्षणी तिचा हक्क तुमचा झाला. नोंदणी नको, छापून येणं नको, © हे चिन्हही नको. भारत १९२८ पासून बर्न कराराचा सदस्य असल्यामुळे त्या करारातल्या इतर देशांतही हे संरक्षण मिळतं. न्यू जर्सीच्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकात तुमची कथा न विचारता छापली गेली, तर तिथेही तुम्हाला बोलता येतं.

पण हक्क मांडणीवर असतो, कल्पनेवर नसतो. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आर. जी. आनंद यांचा खटला आला. आपल्या नाटकावरून चित्रपट उचलला, अशी या नाटककाराची तक्रार होती. दोन्हींत प्रांतवादाचा विषय होता, दोन्हींत दोन प्रांतांतली कुटुंबं होती. न्यायालयाने दावा फेटाळला. विषय, कथासूत्र, ऐतिहासिक घटना यांवर कुणाची मालकी नसते. दोन्ही कलाकृती पाहणाऱ्याला ‘ही तर त्याचीच नक्कल’ असं स्वच्छ वाटायला हवं, असा निकष न्यायालयाने घालून दिला. तो आजही लागू होतो.

म्हणजे संपामुळे उद्ध्वस्त झालेला गिरणी कामगार आणि त्याची चाळीतली खोली हा विषय सगळ्यांचा. त्यावर तुम्ही रचलेले प्रसंग, त्यांचा क्रम, पात्रांच्या तोंडची वाक्यं तुमची. पुरणपोळीचं साहित्य आणि प्रमाण सगळ्यांचं, पण ती कृती तुम्ही ज्या शब्दांत लिहिलीत ते शब्द तुमचे. पुस्तकाच्या किंवा चित्रपटाच्या नुसत्या नावालाही सहसा संरक्षण मिळत नाही. निर्मात्याकडे बसून तोंडी कथा ऐकवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. ऐकवण्याआधी चार पानं का होईना, लिहून काढा.

पायरी पहिली: आपण कर्ते आहोत याचा माग ठेवा

हक्क आपोआप मिळतो, पण वाद झाला की ‘हे आधी मी लिहिलं’ हे दाखवावं लागतं. त्यासाठी कच्चे खर्डे टाकू नका. खाडाखोड केलेलं बाड हा उत्तम पुरावा असतो, कारण नक्कल करणाऱ्याकडे खाडाखोड नसते. संगणकावर लिहित असाल तर प्रत्येक टप्प्याची फाइल तारखेसह वेगळी ठेवा. संपादकांना पाठवलेले ईमेल पुसू नका. कुणाला वाचायला द्यायचं झालं तर ईमेलने द्या आणि पत्रात एक ओळ घाला, ‘अप्रकाशित कथा, केवळ वाचण्यासाठी पाठवत आहे.’

स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने बंद पाकीट पाठवण्याची जुनी पद्धत अजून सांगितली जाते. तिला कायद्यात वेगळं असं काही स्थान नाही. तेवढ्या खटपटीत नोंदणी होते. चित्रपट-मालिकांसाठी लिहिणाऱ्यांना मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये सभासद होऊन पटकथा नोंदवता येते. त्याने कॉपीराइटची सरकारी नोंदणी होत नाही, पण तारखेचा पुरावा पक्का होतो.

पायरी दुसरी: पहिला मालक कोण ते तपासा

लिहिणारा तोच मालक, हा नियम. त्याला अपवाद आहेत आणि तिथेच लोक ठेचकाळतात.

नोकरीत असताना नोकरीचं काम म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक सहसा नोकरी देणारी संस्था असते. वृत्तपत्रात किंवा मासिकात पगारी असलेल्या पत्रकाराचं थोडं वेगळं आहे. वेगळा करार नसेल तर त्याच्या लेखाचा हक्क अंकाच्या मालकाकडे जातो तो फक्त वृत्तपत्र-मासिकात छापण्यापुरता. त्याच लेखांचं पुढे पुस्तक करायचं तर तो हक्क पत्रकाराचा. तुम्ही पगारी नसाल, दिवाळी अंकाला कथा पाठवली आणि मानधनाचा धनादेश घेतलात, तर वेगळं काही लिहून दिलेलं नसताना कथा तुमचीच राहते.

चित्रकार आणि छायाचित्रकारांनी मात्र जपावं. कुणी पैसे देऊन तुमच्याकडून चित्र किंवा छायाचित्र करून घेतलं, आणि उलट काही लिहिलेलं नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा ठरतो. मुखपृष्ठ करून दिलंत आणि पुढे तेच चित्र पिशव्यांवर, दिनदर्शिकेवर दिसलं, तर तक्रारीला जागा उरत नाही. काम घेतानाच ईमेलमध्ये लिहा, ‘चित्र केवळ या पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी, चित्राचा कॉपीराइट माझ्याकडे.’ समोरच्याने ‘ठीक आहे’ म्हणून लेखी उत्तर दिलं की मग कुंचला हातात घ्या.

अनुवादाचे हक्क दुहेरी असतात. कन्नड कादंबरी मराठीत आणायची तर मूळ लेखकाची परवानगी हवी. तुम्ही केलेल्या अनुवादाचा कॉपीराइट मात्र तुमचा. त्यावरून कुणी तिसऱ्याला नाटक करायचं असेल तर त्याला दोघांनाही विचारावं लागेल.

पायरी तिसरी: नोंदणी

सक्तीची नाही, पण मी करायला सांगते. नोंदवहीतला उतारा न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. म्हणजे ‘हे तुमचं नाही’ हे सिद्ध करायची जबाबदारी समोरच्यावर जाते. अप्रकाशित लेखनही नोंदवता येतं.

कॉपीराइट कार्यालय दिल्लीत आहे, पण अर्ज ऑनलाइन होतो. कॉपीराइट डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर खातं उघडा आणि फॉर्म १४ भरा. त्यात कृतीचं नाव, भाषा, लेखकाचं नाव आणि राष्ट्रीयत्व, प्रकाशित झाली असल्यास वर्ष आणि प्रकाशक हे तपशील येतात. साहित्य, नाटक, संगीत आणि कलाकृतींसाठी शुल्क प्रत्येक कृतीला ५०० रुपये आहे. ध्वनिमुद्रणाला २,०००, चित्रपटाला ५,०००. विक्रीच्या मालावर वापरायच्या चित्राला, उदाहरणार्थ लेबलला, ५०० ऐवजी २,००० लागतात. अर्जदार आणि लेखक वेगळे असतील तर लेखकाचं ना-हरकत पत्र जोडावं लागतं.

पैसे भरले की डायरी क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवा, पुढचा सगळा पाठपुरावा त्यावर होतो. त्यानंतर ३० दिवस कुणाच्या हरकतीची वाट पाहिली जाते. हरकत आली नाही तर तपासणी होते. त्रुटी निघाली तर पत्र येतं, त्याला मुदतीत उत्तर द्यायचं. वकिलाशिवाय हे सगळं जमतं. माझ्या शेजारच्या निवृत्त शिक्षिकेने सत्तरीत स्वतः केलं.

पायरी चौथी: करार

इथे सावकाश वाचा.

हक्क देण्याच्या दोन तऱ्हा आहेत. हस्तांतरण म्हणजे घर विकणं, परवाना म्हणजे घर भाड्याने देणं. पुस्तक छापायला प्रकाशकाला परवाना पुरतो. त्यामुळे मसुद्यात ‘हस्तांतरित करत आहे’ असं दिसलं की थांबा आणि ‘परवाना देत आहे’ करून मागा. दोन्ही गोष्टी लेखीच कराव्या लागतात, तोंडी हस्तांतरण कायद्याला मान्य नाही.

हस्तांतरणाचा कागद कसा असावा हे कायद्याच्या १९ व्या कलमात दिलं आहे. कृती कोणती, हक्क कोणते, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे त्यात यायला हवं. ते आलं नाही तर काय, हेही तिथेच आहे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. घेतलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात वेगळं ठरलेलं नसल्यास तो हक्क परत येतो. परवान्यांनाही हेच नियम फेरफारांसह लागू होतात. १९९४ ची दुरुस्ती लागू होण्याआधीच्या जुन्या करारांना मात्र या तरतुदींचा आधार नाही.

माझ्या चार ओळींच्या कागदाचं हेच झालं. एका वकील बाईंनी तो उजेडात धरला, दोनदा वाचला आणि विचारलं, ‘मुदत कुठंय यात?’ मुदत नव्हती. २००४ मध्ये पाच मिळवा, २००९. म्हणजे प्रकाशक मला नकार देत होते तेव्हा त्यांच्याकडचा हक्क संपून तीन वर्षं झाली होती. एक पत्र गेलं, त्यात कलमाचा उल्लेख होता, आणि विषय तिथे मिटला. पण कागदावर ‘कायमस्वरूपी’ हा एक शब्द असता, तर हे झालं नसतं. तुमच्या मसुद्यात तो शब्द शोधा. ‘संपूर्ण प्रताधिकार कालावधीसाठी’ या सभ्य वेशातही तो येतो.

मी आता नव्या लेखकांना असं कलम घालायला सांगते: ‘लेखिका प्रकाशकांना सदर पुस्तकाची मराठी भाषेतील छापील आवृत्ती भारतात प्रकाशित करण्याचा अनन्य परवाना सहीच्या तारखेपासून पाच वर्षांसाठी देत आहे. येथे स्पष्टपणे न दिलेले सर्व हक्क लेखिकेकडे राहतील.’ दुसरं वाक्य सगळ्यात मोलाचं. ई-बुक, श्राव्य पुस्तक, अनुवाद, नाट्यरूपांतर, चित्रपट, मालिका, वेब सिरीज हे सगळं त्या एका वाक्याने तुमच्याकडे राहतं. प्रकाशकाला यातलं काही हवं असेल तर ते नाव घेऊन, वेगळ्या मोबदल्यासह मागता येईल.

मग पैशाचं. स्वामित्वधन (रॉयल्टी) किती टक्के हे सगळे विचारतात, कशाच्या टक्के हे विचारत नाहीत. छापील किमतीच्या की सवलत वजा जाता हाती आलेल्या रकमेच्या? ग्रंथालयांना आणि विक्रेत्यांना मोठी सूट दिली जात असताना या दोन्हींत फार फरक पडतो. आवृत्ती किती प्रतींची, हिशेब वर्षातून कोणत्या महिन्यात, लेखकाला प्रती किती, आणि पुस्तक सहा महिने बाजारात नसेल तर हक्क आपोआप परत, हेही लिहून घ्या. संकोच वाटतो, मला माहीत आहे. आपल्याकडे प्रकाशक-लेखक नातं घरगुती असतं आणि कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं वाटतं. चांगल्या प्रकाशकांना तसं वाटत नाही, हा माझा अनुभव आहे. उलट त्यांच्याकडे मसुदा तयारच असतो.

गीतकार-संगीतकारांसाठी २०१२ च्या दुरुस्तीने एक भक्कम आधार दिला. गाण्याचा चित्रपटगृहाबाहेर जो वापर होतो, त्यातल्या स्वामित्वधनाचा समान वाटा त्यांना सोडून देता येत नाही. करारात ‘सोडला’ असं लिहून घेतलं तरी ते कलम निरर्थक ठरतं. हा वाटा गोळा करण्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासद व्हावं लागतं. मराठी गीतकारांनी हे जरूर करावं.

आणि नाव. सगळे हक्क विकून टाकलेत तरी आपल्या कृतीवर आपलं नाव असण्याचा, आणि तिची प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा अधिकार ५७ व्या कलमाने लेखकाकडेच ठेवला आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनातून सरकारने काढून गोदामात टाकलं, त्यात त्याची नासधूस झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते शिल्प त्यांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं, तरीही. तुमची कविता खालचं नाव खोडून पुढे ढकलली जाते, तेव्हा याच अधिकारावर घाला पडतो.

पायरी पाचवी: दुसऱ्याचं घेताना

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत कॉपीराइट राहतो आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांना खुलं आहे. आचार्य अत्र्यांचं (निधन १९६९) २०२९ अखेरपर्यंत नाही. मृत्यूनंतर प्रथम प्रकाशित झालेल्या लेखनाची मुदत प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या, गाण्यांचा संग्रह १९५२ मध्ये आला, त्यामुळे तिथे १९५२ पासून मोजायचं.

गाण्यात अनेक हक्क एकावर एक असतात. गीतरामायणाचे शब्द ग. दि. माडगूळकरांचे, निधन १९७७, म्हणजे २०३७ पर्यंत. चाली सुधीर फडक्यांच्या, निधन २००२, म्हणजे २०६२ पर्यंत. आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा. तुकोबांचा अभंग खुला आहे, पण त्याला कालच कुणी लावलेली चाल किंवा गाथेवर कुणी लिहिलेलं निरूपण खुलं नाही.

समीक्षा, अभ्यास, ताज्या घटनेचं वृत्त यांसाठी विनापरवानगी अवतरण घेता येतं. दहा टक्के किंवा तीस सेकंद चालतात, हे जे सांगितलं जातं तसं कायद्यात कुठेही नाही. कारणापुरतंच घ्यावं आणि श्रेय द्यावं. हौशी मंडळाने तिकीट न लावता प्रयोग केला तर तो भंग ठरत नाही, पण एकांकिका स्पर्धेला उतरताना लेखकाचं परवानगीपत्र आणि त्याचं मानधन यांची टाळाटाळ करू नये. ज्याच्या शब्दांवर करंडक मिळवायचा त्याला एक फोन करायला हवाच.

पायरी सहावी: भंग झाला तर

रागाने जाहीर लिहिण्याआधी पुरावा घ्या. पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट, दुवा, तारीख-वेळ. पुस्तक असेल तर एक प्रत पावतीसह विकत घ्या. मग सरळ पत्र लिहा. अनेकांना आपण काय केलं हे खरंच माहीत नसतं, आणि अर्धी प्रकरणं नाव लावून किंवा मजकूर काढून तिथेच संपतात.

उत्तर नाही आलं तर संकेतस्थळ चालवणाऱ्याला लेखी तक्रार द्या. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतल्या ७५ व्या नियमानुसार कृतीचं वर्णन, ती तुमची असल्याचा पुरावा, भंग कुठे झाला ते ठिकाण आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणण्याची हमी द्यावी लागते. तक्रार पटल्यास ३६ तासांत मजकूर हटवायचा असतो. आदेश आणला नाही तर २१ दिवसांनंतर तो पुन्हा चढू शकतो, म्हणून दावा करायची तयारी असेल तरच ही हमी लिहा. मोठ्या व्हिडिओ-संकेतस्थळांचे स्वतःचे तक्रार-अर्ज असतात, तिथे आधी जा.

पुढची पायरी वकिलाची नोटीस आणि दावा. इथे कायदा लेखकाच्या बाजूने झुकलेला आहे: दावा तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. सांगलीच्या कवीला दिल्ली गाठावी लागत नाही. मनाई हुकूम, नुकसानभरपाई आणि झालेल्या नफ्याचा हिशेब मागता येतो. जाणूनबुजून केलेला भंग हा गुन्हाही आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे, आणि तो दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येईल असा, असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. पायरेटेड पुस्तकांचे गठ्ठे सापडले तर पोलिसांत जरूर जा. कवितेवरून नाव गळालं म्हणून मात्र थेट पोलिसात जाऊ नका. निराधार धमकी दिली तर समोरचाही तुमच्यावर दावा लावू शकतो.

पायरी सातवी: आपल्यामागे

कॉपीराइट ही मालमत्ता आहे, तो वारसांकडे जातो. मृत्युपत्रात फ्लॅट, दागिने आणि ठेवी येतात, पुस्तकं राहून जातात. मग चार वारस चार शहरांत, आणि नवी आवृत्ती काढू पाहणारा प्रकाशक चौघांच्या सह्या गोळा करत फिरतो. म्हणून मृत्युपत्रात एका व्यक्तीला परवानगी देण्याचा अधिकार नाव घालून द्या. हस्तलिखितं कुणाला द्यायची तेही लिहा. अप्रकाशित लेखनाचं बाड मृत्युपत्राने ज्याला मिळतं, त्यालाच, उलट काही लिहिलेलं नसेल तर, त्याचा कॉपीराइटही मिळतो.

मी एक दोनशे पानी वही केली आहे. प्रत्येक पुस्तकाला एक पान, त्यावर पाच रकाने: कोणता हक्क, कुणाला, कोणत्या भाषेत, कधीपर्यंत, करार कुठल्या फाइलमध्ये. पहिल्या पानावर तो माकडाचा संग्रह आहे. ‘छापील, मराठी’समोर २००९ लिहून रेघ मारली आहे, आणि त्याखाली ‘श्राव्य’ची ओळ माझ्या नावावर आहे. वही कपाटात खालच्या खणात असते, हे मुलीला दाखवून ठेवलं आहे.